ज्युबिलीचे वर्ष आणि घरचे ऋण

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी कर्जासारख्या रुक्ष विषयावर आम्ही बोलणार, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटले असेल. मंडप शृंगारलेला आहे, पाहुणे दूरदूरच्या गावांहून आले आहेत. अशा वेळी सावकाराचे नाव कोणी काढावे? परंतु ज्युबिली या शब्दाच्या मुळाशी गेले म्हणजे हे नवल ओसरते. इस्राएल लोकांत मेंढ्याचे शिंग फुंकून या वर्षाची द्वाही फिरवीत, आणि त्या शिंगाच्या इब्री नावावरून हा शब्द आला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा विधी सांगितला आहे. सात सप्तकांची एकोणपन्नास वर्षे लोटली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. ज्याने अडचणीपायी वडिलार्जित शेत विकले त्यास ते परत मिळावे, आणि ज्याने दारिद्र्यापायी स्वतःस दुसऱ्याच्या चाकरीत विकून घेतले त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे. अनुवाद ग्रंथाने तर प्रत्येक सातव्या वर्षी कर्जाची सूट सांगितली आहे. सारांश, रोषणाई आणि जेवणावळ ही ज्युबिलीची मागाहून आलेली लेणी होत. ऋणाखाली दबलेला मनुष्य आपल्या घरी परत येतो, हा तिचा पहिला अर्थ होय.

१३०० साली पोप बोनिफास आठवे यांनी रोममध्ये पहिले ज्युबिलीवर्ष पाळले, तेव्हापासून पापाच्या ऋणातून सुटका हा अर्थ पुढे आला. तथापि पैशाच्या ऋणाचा अर्थ काही लोपला नाही. २०२५ च्या ज्युबिलीवर्षाकरिता पोप फ्रान्सिस यांनी ९ मे २०२४ रोजी जे आज्ञापत्र काढले, त्यात गरीब राष्ट्रांची न फिटणारी कर्जे श्रीमंत राष्ट्रांनी सोडून द्यावीत, असे कळकळीचे आवाहन आहे. राष्ट्रांच्या कर्जाचा निकाल आपल्या हाती नाही. आपल्या घरच्या कर्जाचा मात्र पुष्कळसा आहे, आणि त्याविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आम्ही योजिले आहे.

कर्ज म्हणजे काय, हे वऱ्हाडास कोणी नव्याने शिकवावयास नको. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या पांढऱ्या बोंडास सोन्याचा भाव आला. बैलगाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी त्या दिवसांविषयी सांगतात. युद्ध संपले आणि भाव कोसळला. उत्पन्न चढते तेव्हा खर्च त्याच्या खांद्यावर बसून चढतो, पण उत्पन्न उतरते तेव्हा खर्च काही खाली उतरत नाही. तो वरच बसून राहतो, आणि मग त्यास खांदा देण्याकरिता सावकार बोलवावा लागतो. दीडशे वर्षे झाली, पिके बदलली, कापसाच्या शेजारी सोयाबीन आले, मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागा बहरल्या. परंतु हा नियम बदलला नाही.

सरकारने वेळोवेळी कर्जमाफी दिली. २००८ साली केंद्राने दिली, २०१७ आणि २०१९ साली राज्याने दिली. त्यांपैकी २००८ च्या माफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यासच पूर्ण सूट होती. त्यामुळे कोरडवाहू का होईना, पण सहा-सात एकरांचा धनी असलेला आपल्याकडचा शेतकरी पूर्ण माफीस मुकला. माफीने जुने देणे पुसले जाते, ही मोठीच गोष्ट आहे, आणि ज्यांस ती मिळाली त्यांचा आम्ही हेवा करीत नाही. पण देणे का होते, हे कारण माफीने पुसले जात नाही. शिवाय या साऱ्या माफ्या शेतीच्या कर्जाच्या होत्या. आज आपल्या धर्मग्रामातील शिक्षक, परिचारिका, कारकून, वाहनचालक आणि नोकरीकरिता पुण्या-मुंबईस गेलेली मुले यांच्या गळ्यात जे नवे कर्ज पडले आहे, त्यास अशी माफी कोणी दिलेली नाही. ते कर्ज म्हणजे क्रेडिट कार्डाचे.

पूर्वी कर्ज काढावयाचे तर सावकाराच्या ओसरीवर जावे लागे. पायताण बाहेर काढावे लागे, चार लोकांदेखत तोंड उघडावे लागे, आणि मुनीम चोपडीत नाव लिहीपर्यंत मान खाली घालून उभे राहावे लागे. त्यात अपमान होता खरा; परंतु त्या लाजेपायी अनेकदा मनुष्य अर्ध्या वाटेतून परत फिरे. कार्डाने ती ओसरी खिशात आणून ठेविली. दुकानात कार्ड पुढे केले की दुकानदार उलट नमस्कार करतो. कर्ज घेतो आहोत, असे त्या क्षणी वाटतच नाही. काही विकत घेतो आहोत, एवढेच वाटते.

आता या नव्या सावकाराची चोपडी नीट वाचली पाहिजे. महिन्याचे देणे मुदतीत पूर्ण भरले तर व्याज लागत नाही. आणि तसे भरणाऱ्यास कार्ड सोयीचे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु थोडीही बाकी ठेविली की दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज सुरू होते, म्हणजे वर्षास ३६ ते ४५ टक्के. बाकी असताना नवी खरेदी केली तर तिची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर रोख रक्कम काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारास बिगरशेतकरी ऋणकोकडून, काहीही तारण नसताना, वर्षास १८ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. ज्या सावकारास आपल्या आजोबांनी शिव्याशाप दिले, त्याच्यावर कायद्याची एवढी वेसण आहे. आणि खिशातला सावकार तिच्या दुप्पट घेतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजास ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कायदा आपले रक्षण करील या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

आकड्यांनी ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, एका घराच्या कार्डावर ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये. मिळून २,०६५ रुपये झाले. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये छापलेले असतात. घरधन्याने ते मुकाट्याने भरले आणि महिना निभावला म्हणून सुस्कारा टाकला. परंतु मुद्दलातून उतरले किती? अवघे ४३५ रुपये. पुढे बाकी घटते तशी किमान रक्कमही घटत जाते. म्हणून एका पैशाची नवी खरेदी न करता पाच वर्षे केवळ किमान रक्कम भरीत राहिले, तरी निम्म्याहून अधिक मुद्दल जागच्या जागी राहते. केवळ किमान रक्कम भरल्यास फेड कित्येक वर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापावा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो इशारा बारीक अक्षरांत असतो. तो चष्मा लावून वाचावा.

आता याच ५०,००० रुपयांचा दुसरा हिशोब पाहा. किमान रक्कम घटली तरी आपण न घटविता, दरमहा २,५०० रुपयेच नेमाने भरीत गेलो, तर ४४ हप्ते लागतात आणि एकंदर सुमारे १,०८,००० रुपये जातात. त्याऐवजी दरमहा ४,००० भरले, तर १८ हप्त्यांत कर्ज संपते आणि सुमारे ७२,००० रुपये जातात. दोहोंत अंतर महिन्यास १,५०० रुपयांचे, म्हणजे रोजच्या ५० रुपयांचे. रोज ५० रुपये हाती राखले तर ३६,००० रुपये वाचतात, आणि घर सव्वादोन वर्षे आधी मोकळे होते. काटकसर ही क्षुद्र माणसांची वृत्ती आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी हा हिशोब एकदा स्वतः मांडून पाहावा.

हे रोजचे ५० रुपये कोठून यावेत? आमची पहिली विनंती अशी की, एक महिनाभर काहीही न कापता केवळ लिहून ठेवावे. शाळकरी मुलाची एक वही घ्यावी आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर नवरा-बायको दोघांनी मिळून दिवसाचा खर्च तीत टिपावा. टपरीवरचा चहा-नाश्ता, खर्रा, मुलांची पाकिटबंद खाऊची पुडकी, दोन-दोन भ्रमणध्वनींचे रिचार्ज, जवळच्या कामाकरिताही काढलेली मोटारसायकल, घरबसल्या मागविलेले आणि एकदाही न वापरलेले कपडे: हे सारे कागदावर उतरले म्हणजे आपोआप लाजते. दारूविषयी वेगळे सांगावयास नको. ज्या घरात ती आहे त्या घरातील गृहिणीस तिचा हिशोब वहीशिवायही पाठ असतो.

दुसरी विनंती ही की, काय कापावे यापेक्षा काय कापू नये, हे आधी ठरवावे. लेकरांचे दूध, डाळ आणि भाजी कापू नये. शाळेची फी, म्हाताऱ्यांचे औषध आणि आजारपणाचा विमा कापू नये. हे कापून फेडलेले कर्ज दुसऱ्या दाराने दुप्पट होऊन परत येते. आणि काटकसरीचा सारा भार घरच्या बाईच्या ताटावर पडू देऊ नये. आपल्याकडे कित्येक घरांत खर्च कमी करणे म्हणजे आईने सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत कमी जेवणे, असा अर्थ न बोलता ठरलेला असतो. ती काटकसर नव्हे. तो अन्याय आहे.

तिसरी विनंती ही की, वाचलेला पैसा घरात राहू देऊ नये. रोजचे ५० रुपये डब्यात साठविले तर ते पुढच्या बाजारात जातात. आठवड्याच्या आठवड्यास ते कार्डाच्या खात्यात भरावेत. कार्ड कपाटात कुलूपबंद करावे; नवी खरेदी रोखीने करावी. अनेक कर्जे असतील तर ज्याचे व्याज सर्वांत अधिक त्यावर आधी तुटून पडावे. सहकारी पतपेढीतून किंवा बँकेतून कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्डाचे देणे एकदम मिटवावे. मात्र मिटवलेले कार्ड पुन्हा भरले तर एकाची दोन कर्जे होतील, हे विसरू नये.

बंधुभगिनींनो, येथवर जे सांगितले ते प्रत्येक शहाण्या गृहिणीस ठाऊक आहे. मग कर्ज फिटत का नाही? कारण टपरीवरच्या चहाने घर बुडत नाही. घर बुडते ते लौकिकाने. अठरा महिने पोटास चिमटा घेऊन जे वाचविले ते एका साखरपुड्यात उडते. लग्न, बारसे, पहिला कम्युनियन, नाताळचे कपडे, वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतरचे जेवण: यांतील एकही प्रसंग ख्रिस्तसभेने खर्चिक केलेला नाही. विवाहसंस्कारास वधू, वर, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार पुरतात. बाकीचे सारे आपण एकमेकांच्या डोळ्यांकरिता करतो. आणि एकमेकांच्या डोळ्यांकरिता होणारा खर्च एकट्याने कापणे फार कठीण असते. शेजाऱ्याने पाचशे पाने उठविली असता आपण पन्नास उठविली, तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न भल्याभल्यांची झोप उडवितो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातील दोन पुरुषांनी देऊन ठेविले आहे. आपला धर्म निराळा, उपासना निराळी; तथापि सद्बुद्धी जेथे दिसेल तेथून ती आदराने घ्यावी, हीच आपल्या धर्माचीही शिकवण आहे.

पहिले गाडगे महाराज. १८७६ साली शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाप दारूपायी अकाली गेला, आणि आईने मुलास आपल्या माहेरी दापुरे येथे आणिले. तेथे मामाचे शेत सावकाराच्या घशात गेलेले त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले. अक्षर न वाचता अंगठा उठविणाऱ्याचे काय होते, हे त्यास त्या वयात कळले. पुढे मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत न देता त्यांनी गोडाचे साधे जेवण घातले, आणि लोकांचे बोल ऐकून घेतले. आयुष्यभर हाती खराटा आणि गाडगे घेऊन ते गावोगाव कीर्तने करीत हिंडले. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून यात्रा करू नका, अंगावरचे वस्त्र आणि घरातली भांडी कमी पडली तरी चालतील पण मुलांस शाळेत घाला, हाच त्यांच्या कीर्तनांचा गाभा. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक त्यांचा देह पडला. धर्मशाळा, अन्नछत्रे आणि शाळा त्यांनी लोकांकरिता उभारिल्या; स्वतःकरिता मात्र गाडगे आणि चिंध्यांखेरीज काही ठेविले नाही. लोकांच्या बोलांस न भिता एकट्याने साधेपणा पत्करता येतो, हे त्यांनी दाखविले.

परंतु सर्वांच्या अंगी गाडगे महाराजांचे बळ नसते. सामान्य मनुष्यास सोबत लागते. ही सोबत कशी निर्माण करावी, हे दुसऱ्या पुरुषाने दाखविले. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, मोझरीचे गुरुकुंज आहे. १९०९ साली यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे आश्रम स्थापिला. खंजिरीवर भजने म्हणत त्यांनी खेडी जागविली, आणि १९५५ साली ग्रामगीता लोकांच्या हाती दिली. तिच्या ४१ अध्यायांत देवधर्माबरोबर विवाहास, अंत्यसंस्कारास, सणोत्सवास आणि वेषास स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. संत म्हणविणाऱ्या पुरुषाने लग्नातल्या थाटाचा आणि त्यापायी काढलेल्या ऋणाचा एवढा विचार का करावा? कारण गावाचे दारिद्र्य ज्या भोकांतून गळते ती भोके त्यांनी जवळून पाहिली होती. साधा विवाह आणि सामुदायिक विवाह यांचा त्यांनी पुरस्कार केला. गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेस सर्व जातिधर्मांचे लोक एका ओळीत बसतात. जो एका ओळीत प्रार्थना करतो, त्याने एका ओळीतच जेवावे आणि एका मांडवातच लग्न लावावे, हे त्या शिकवणीतून ओघानेच येते. साधेपणा सर्वांनी मिळून पत्करिला म्हणजे त्यात कोणाचीच मान खाली जात नाही. एकट्याने केले तर दारिद्र्य म्हणतात. गावाने केले तर रीत म्हणतात. हाच आजच्या आमच्या भाषणाचा मुद्दा आहे.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याचे दाखले आहेत. इटलीत पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांस सावकाराच्या तावडीतून सोडविण्याकरिता अल्प व्याजाच्या तारणपेढ्या काढिल्या. १४६२ साली पेरुजा येथे अशी पेढी निघाली. १८६४ साली जर्मनीत राइफाइजेन यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापिली, आणि तिचा आदर्श घेऊन जगभर सहकार पसरला. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर १४ वर्षांनी, १९१८ साली, आपल्याच मराठी बोलणाऱ्या वसईच्या कॅथोलिक बांधवांनी मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने एक पतसंस्था काढिली. तीच पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. श्रीमंतांनी गरिबांस भीक घातली असे तेथे झाले नाही. शेतकऱ्यांनी आपलीच लहान लहान बचत एकत्र केली आणि ती आपल्यातल्याच अडलेल्यास दिली.

मग आपल्या धर्मग्रामाने काय करावे? आम्ही मोठ्या योजना मांडीत नाही. करता येतील अशाच तीन-चार गोष्टी सुचवितो. पहिली, लग्नाच्या आणि इतर प्रसंगांच्या जेवणाची एक मर्यादा सर्वांनी सभा भरवून ठरवावी, आणि ती पाळण्याचा आरंभ ज्यांस अधिक खर्च सहज परवडतो त्यांनी करावा. गरिबाने साधे लग्न केले तर त्याचा कोणी कित्ता गिरवीत नाही. श्रीमंताने केले तर दहा गरीब सुटतात. दुसरी, आहेराच्या वस्तू आणि मानपानाची वस्त्रे बंद करून बंद पाकिटात यथाशक्ती रक्कम द्यावी, आणि कोणी किती दिले याची यादी वाचून दाखवू नये. तिसरी, आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्य घालविलेले गृहस्थ आहेत. त्यांनी महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर तासभर बसावे, आणि ज्यास बिल कळत नाही त्यास ते गुपचूप समजावून द्यावे. चौथी, महिलांचे बचतगट आहेतच. त्यांनी कार्डाचे महाग देणे मिटविण्याकरिता आपल्या सभासदांस प्राधान्याने कर्ज द्यावे.

आणखी एक गोष्ट या मांडवातच बोलली पाहिजे. ज्युबिलीकरिता वर्गणी जमविली गेली, पुढेही जमविली जाईल. ज्या घरावर देणे आहे त्या घराने आधी देणे फेडावे; कारण देणे फेडणे हा न्याय आहे, वर्गणी देणे हे दान आहे, आणि न्याय चुकवून केलेले दान देवास आवडेल असे आम्हांस वाटत नाही. कार्ड घासून कोणी मंडपाची वर्गणी दिली असेल, तर त्या दिव्यांचे व्याज तो उपवासकाळापर्यंत भरीत राहील. म्हणून एखाद्या घराची वर्गणी कमी आली किंवा आलीच नाही, तर कोणी भुवई उंचावू नये. उपवासकाळ येईल तेव्हा शुक्रवारच्या वर्ज्य पदार्थांतून वाचलेले पैसे ऋणी घराने कर्जाच्या खात्यात भरावेत. तोही उपवास देवाच्या दारी रुजू होईल.

आता ज्यांच्यापाशी कापण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्यांच्याविषयी. पीक गेले, नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, आणि म्हणून कर्ज झाले, अशा घरास काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे भाजलेल्यास आगीपासून दूर राहावयास सांगणे होय. वऱ्हाडाने या कर्जाची भयंकर किंमत मोजली आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांकरिता विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला अमरावती आणि शेजारचा अकोला हे दोन्ही होते. ती मदत कोणत्या मृत्यूंपायी आली, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्या घरांतील दुःखाविषयी निकाल देण्याचा अधिकार कोणासही नाही. एवढेच सांगतो की, कर्जाहून त्याविषयीचे मौन अधिक घातक असते. नवऱ्याचे कर्ज बायकोस ठाऊक नसते, मुलाचे आईबापांस ठाऊक नसते. पहिला फोन वसुलीवाल्याचा येतो तेव्हा कळते. आपल्या घरात आज कोणी असे एकट्याने ओझे वाहत असेल तर त्यास रागे न भरता विचारा. आणि ओझे वाहणाऱ्याने घरात सांगावे. घरात सांगता येत नसेल तर धर्मगुरूंस किंवा विश्वासू शेजाऱ्यास सांगावे.

ऋणको झाला म्हणून मनुष्य अब्रूस मुकत नाही, हे कायदाही मानतो. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, नातलगांत आणि मित्रांत बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. बँकेकडे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आणि बिगरपरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन लाटली असेल, तर २०१४ च्या कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. भिऊन लपू नये. कागद जपून ठेवावेत आणि सोबत घेऊन जावे.

शेवटी, ज्यांस कोणाचे काही देणे नाही अशा भाग्यवंतांस एक विनंती. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील तो चाकर आपणांस आठवत असेल. धन्याने त्याचे डोंगराएवढे ऋण सोडले, आणि त्याने बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा चिमूटभर ऋणाकरिता धरिला. आपल्यापैकी ज्याने कोणास दोन-पाच हजार उसने दिले असतील, आणि घेणाऱ्याची अडचण खरी आहे हे ज्यास माहीत असेल, त्याने या ज्युबिलीवर्षात मुदत वाढवून द्यावी. शक्य असेल तर ते सोडून द्यावे. मेंढ्याचे शिंग आता फुंकावयास नको. घरी जाऊन वहीतली एक ओळ खोडली तरी पुरे.

पुढच्या ज्युबिलीस आपल्यापैकी पुष्कळजण नसतील. परंतु त्या वेळच्या तरुणांनी असे म्हणावे की, आमच्या वाडवडिलांनी या गावात साध्या लग्नाची रीत पाडिली, त्यामुळे आम्ही ऋणावाचून संसार मांडिला. याहून मोठे स्मारक या धर्मग्रामास कोणते हवे? दयाळू परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी आणि ती पाळण्याचे बळ देवो.